मायनस आबांचा गहू

उणे तीस अंशांच्या खोलीत आबा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून शिरायचे आणि बाहेर आल्यावर कॅन्टीनचा पंखा जोरात आहे म्हणून कुरकुरायचे. कंपनीने थंडीसाठी दिलेलं निळं जाडजूड जाकीट खोलीबाहेरच्या खुंटीला टांगलेलं असे. त्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा निघालेली नव्हती. सेफ्टीवाले साहेब दर महिन्याला त्यावरून बोलायचे. आबा मान डोलवायचे, जाकीट अंगात घालून फोटो काढू द्यायचे आणि साहेबांची पाठ वळली की जाकीट पुन्हा खुंटीला. "थंडी मारत न्हाई सायेब, घाई मारती," असं ते म्हणायचे. या वाक्याचा अर्थ कळायला मला दोन वर्षं आणि एक कुंडीभर गहू लागला.

आमची लॅब चाकणच्या एमआयडीसीत होती. गाड्यांचे सुटे भाग थंडीत टिकतात का, हे तपासायचा आमचा धंदा. चाकणला पाणी गोठेल अशी थंडी कुणी पाहिलेली नाही. पण इथे तयार झालेला आरसा ज्या गाडीला लागतो ती गाडी कुठल्या देशात जाऊन उभी राहील याचा नेम नसतो. म्हणून आमच्याकडे चार चेंबर होते, म्हणजे माणूस आत जाईल एवढाले फ्रीज. त्यात दरवाजे, वायपर, डॅशबोर्ड, हॉर्न रात्रंदिवस गारठत पडलेले असत. या चारही फ्रीजांचे कारभारी आबा. शिक्षण जुनी मॅट्रिक, नापास. गाव चाकणपासून सायकलच्या अंतरावर, घरची थोडी शेती, आणि नोकरीला एकतीस वर्षं. लॅबमध्ये लहानथोर सगळे त्यांना मायनस आबा म्हणत आणि पगाराच्या कागदावर त्यांचं खरं नाव दिसलं की हा कोण नवीन, असं विचारत.

आबांची नोंदवही म्हणजे आमची करमणूक होती. हॉर्न उणे तीसला सहा तास ठेवायचा आणि मग वाजतो का बघायचं, अशी एक चाचणी असे. आबा बटण दाबत, कान देऊन ऐकत आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहीत, "बोंबलला." नाही वाजला तर, "बोंबलला न्हाई." मी त्याचं इंग्रजी करून ग्राहकाला अहवाल पाठवायची. एकदा एक हॉर्न अर्धवट वाजला. आबांनी लिहिलं, "कण्हला." त्याला इंग्रजीत काय म्हणावं यावर मी आणि मॅनेजरसाहेब दीड तास बसलो होतो.

आबांचा दुसरा लाडका शब्द म्हणजे बुडखा. रोपाचा जमिनीलगतचा जो गड्डा, जिथून फुटवे निघतात, तो बुडखा. आबा माणसांनाही तिथूनच तपासायचे. नवा इंजिनिअर टाय लावून आला की ते मला हळूच म्हणत, "वरनं लई हिरवा हाय. बुडख्यात काय हाय ते बघू." मॅनेजरसाहेबांबद्दल त्यांचं मत होतं की हा माणूस म्हणजे नुसता पाला. एका सफाईवाल्या मावशींबद्दल ते म्हणाले होते की कंपनीत बुडखा असलेलं माणूस एवढंच. माझ्याबद्दल काय मत आहे हे मी विचारलं नव्हतं, कारण ते खरं सांगायचे.

मी परभणीची. डिप्लोमा करून इकडे आले, चिखलीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली आणि या लॅबमध्ये कॉन्ट्रॅक्टवर लागले. आबांनी पहिल्याच दिवशी माझं नाव रद्द करून मला परभणी म्हणायला सुरुवात केली. "जगात जर्मनी, भारतात परभणी, ही म्हण तुमच्याच लोकांनी केली ना? मग मधल्या मधी आमचं चाकण कुटं गेलं?" असं ते दर आठवड्याला विचारत. पहिल्या दिवशी मला मोठ्या हौसेने उणे तीसच्या खोलीत शिरायचं होतं. आबांनी दारातच अडवलं. पहिला आठवडा त्यांनी मला फक्त शून्याच्या खोलीत जाऊ दिलं, मग उणे दहाला, तेही दोन मिनिटं. "इथं पोरं येत्यात, उडी मारत्यात, आन् तिसऱ्या दिवशी छाती धरून घरी जात्यात. तू हळूहळू ये." मला त्यांचा राग आला होता. महिन्याभराने मी उणे तीसमध्ये दरवाजाचे बिजागर मोजत उभी होते आणि टाय लावून आलेला इंजिनिअर न्यूमोनियाच्या रजेवर होता.

तर गव्हाची गोष्ट. आमच्याकडे जर्मनीहून एक ग्राहक इंजिनिअर यायचा. उंच, लाजाळू, आणि मिसळीला घाबरणारा. एकदा चहाच्या वेळी त्याने मोबाईलवर घरचे फोटो दाखवले. एका फोटोत त्याची मुलगी बर्फात उभी होती आणि बर्फातून हिरव्या पात्यांच्या रांगाच्या रांगा वर आलेल्या. आबांनी विचारलं, हे गवत कसलं? मी विचारून सांगितलं, गहू आहे. पावसाळ्याअखेर पेरतात, बर्फाखाली तीन महिने राहतो आणि उन्हाळ्यात कापतात.

"लबाड!" आबा म्हणाले. "आमच्याकडं पौषात धुईनं पातं करपतंय, आन् ह्याचा गहू बर्फाची गोधडी घेऊन झोपतोय व्हय?"

पण त्या दिवसापासून आबांच्या डोक्यात तो फोटो बसला. आपण एकतीस वर्षं थंडी तयार करतो आणि खरा बर्फ एकदाही पाहिलेला नाही, ही गोष्ट त्यांना पहिल्यांदाच खटकली असावी. जर्मनाकडून तो फोटो मी माझ्या मोबाईलवर घेतला होता. आबा दर दोन दिवसांनी तो मागून घेत आणि बोटांनी मोठा करून पाहत.

नेमकं त्याच सुमाराला जर्मनांनी कळवलं की जानेवारीत त्यांच्याकडे बर्फात गाड्यांची चाचणी आहे, दोन महिन्यांसाठी तुमच्या लॅबमधलं एक माणूस पाठवा. आबा उठून मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, मी जातो. साहेब हसले. एकटेच हसले असते तर चाललं असतं, पण त्यांनी आम्हाला ऐकायला बोलावलं. "आबा, तुम्हाला इथल्या पंख्याने शिंका येतात. तुमचं वय, तुमचं इंग्रजी. तुमचा तो देशी गहू तरी टिकेल का तिथे?"

"टिकवून दाखवला तर?"

"उणे आठला चार तास टिकवा. तुमचं नाव पाठवतो."

साहेबांना वाटलं, विनोद संपला. आबांनी खिशातून चाचणीचा कोरा फॉर्म काढला. आमच्याकडे फॉर्म आणि टॅग असल्याशिवाय टाचणीही चेंबरमध्ये जात नसे. आबांनी तिथेच भरला. नमुना: गहू, लोकवन, घरचा. ग्राहक: मॅनेजरसाहेब. तापमान: उणे आठ. वेळ: चार तास. पास होण्याची अट: नमुना जिता राहिला पाहिजे. आणि साहेबांची सही घेतली. साहेब सही करताना अजून हसत होते.

पहिली कुंडी आबांनी जोशात वाया घालवली. दहा दिवसांचं कोवळं रोप, थेट उणे आठमध्ये. चार तासांनी बाहेर काढलं तेव्हा ते काचेसारखं कडक होतं, आणि अर्ध्या तासाने शिजलेल्या पालकाची भाजी झालं. आबा त्या कुंडीपुढे बराच वेळ उकिडवे बसून राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना घाई करू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाने स्वतःच घाई केली होती. "परभणी, त्या पावन्याला लिही," ते म्हणाले. "इचार, तुमचा गहू मरत का न्हाई."

मग आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. प्रश्न आबांचे, इंग्रजी माझं. जर्मनाचं बालपण शेतावर गेलेलं, त्यामुळे तो लाजाळू माणूस पानंच्या पानं लिहायचा. मी ते कॅन्टीनमध्ये आबांना मराठीत सांगायची. गहू एकदम गारठला तर पेशीतल्या पाण्याचं आतच बर्फ होतं आणि सुयांनी पेशी फाटते. पण आठवडेच्या आठवडे थंडी थोडी थोडी वाढली तर रोप तयारी करतं. पेशीतलं पाणी बाहेरच्या फटींत सोडतं, म्हणजे बर्फ झालंच तर ते घराबाहेर होईल. आत उरलेल्या रसात साखर वाढवतं. उंच वाढणं थांबवतं, पानं जमिनीवर पसरून देतं. आणि खरा जीव ठेवतं मातीखालच्या गड्ड्यात, वर बर्फाचं पांघरूण.

"म्हंजी बुडख्यात," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की एकतीस वर्षं आपण म्हणत होतो ते जर्मनांनी आता कुठे मान्य केलं. "आन् साखर म्हंजी पाक. पाक लवकर गोठतोय का? आमच्या आईला बी हे म्हाईत व्हतं." पुढे जर्मनाने लिहिलं की त्यांच्याकडचा गहू थंडी खाल्ल्याशिवाय ओंबीच धरत नाही. त्यावर आबा म्हणाले, "बराबर हाय. हाल सोसल्याबिगर लग्नाला उभा राहू नये माणसानं."

लॅबच्या मागच्या बाजूला एक पाचवा, जुनाट चेंबर होता. त्याला सगळे म्हातारी म्हणत. तिच्याच्याने शून्याच्या खाली जाववत नसे, म्हणून तिच्यावर कुणाचा डोळा नव्हता. आबांनी तिच्यात दोन ट्यूबलाइटी लावल्या आणि दुसरी कुंडी ठेवली. टॅगसकट. पहिल्या आठवड्यात बारा अंश, मग दहा, मग आठ, असं करत तीन अंशांवर आणून ठेवलं. सहा आठवडे. कुंडीतला गहू दिवसेंदिवस भिकारी दिसायला लागला. बोटभर उंची, पानं जांभळट हिरवी आणि मातीला चिकटलेली. मला ते रोप आजारी वाटायचं. आबांनी एकदा पानाचं टोक खुडून माझ्या हातावर ठेवलं. "चाव." मी चावलं. पान चक्क गोड होतं. "बसलाय गुमान आन् साखर साठवतोय. ह्याला म्हंत्यात तयारी," आबा म्हणाले.

याच काळात माझंही काही बरं चाललेलं नव्हतं. डिसेंबरअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि ते वाढवणार नाहीत अशी कुणकुण होती. घरी बाबांचं दुकान बसलेलं, भावाचं कॉलेज चालू. हे मी लॅबमध्ये कुणालाही सांगितलं नव्हतं, म्हणजे फक्त आबांना सांगितलं होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ आबांच्या पुतणीचं. आबा पाच दिवस रजेवर गेले. जाताना म्हणाले, "म्हातारीकडं लक्ष ठेव. बाकी काय करू नको." आबा परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी साहेबांसमोर चाचणी होती. मी कुंडी पाहिली आणि माझा जीव तुटला. असलं मरतुकडं रोप साहेबांपुढे नेलं तर ते आधीच हसतील. आबांचं हसं झालेलं मला नको होतं. मी काय केलं, तर कुंडी बाहेर काढली, माझ्या टेबलाशेजारी उन्हाच्या खिडकीत ठेवली, रोज पाणी घातलं आणि बागेच्या माळीदादांकडून चिमूटभर युरिया आणून तोही दिला. म्हातारी रिकामी चालायला नको म्हणून तिचं बटणही बंद केलं. विजेची एवढी काळजी मी घरी कधी केली नव्हती.

गहू काय तरारला म्हणता! चार दिवसांत वीतभर उंच, पोपटी, लुसलुशीत. येणारा जाणारा थांबून कौतुक करायचा. आबा यायच्या आदल्या संध्याकाळी मी म्हातारी चालू केली, कुंडी जागच्या जागी ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

आबांनी म्हातारीचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. "हे काय बाळसं धरलंय?"

"आपोआपच वाढला, आबा," मी म्हणाले. का खोटं बोलले, देव जाणे. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काहीतरी चुकलंय एवढं मला कळलं आणि जीभ आपोआप वळली.

आबांनी पानाचं टोक खुडून चावलं. सावकाश चावलं. मला त्यांनी या वेळी पान दिलं नाही. मग त्यांनी म्हातारीच्या बाजूचं छोटं झाकण उघडून आत पाहिलं आणि बंद केलं. "ठीक हाय. उद्या हाय ना चाचणी? उद्या करू," एवढंच म्हणाले.

चाचणी साहेबांसमोर झाली. अर्धी लॅब जमली होती. उणे आठ, चार तास, एक मिनिट कमी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीत पालकाची भाजी होती. साहेबांनी पेनाने एक पान उचलून पाहिलं, ते पेनालाच चिकटलं. सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आबांनी कुंडी उचलली. "सायेब, मानलं तुमाला," ते म्हणाले आणि कचऱ्यात टाकायला म्हणून ती घेऊन मागच्या बाजूला गेले.

आठवड्याने जर्मनांचं पत्र आलं. गव्हाबद्दल इतके चांगले प्रश्न विचारणाऱ्या ज्या मुलीशी आमचा पत्रव्यवहार झाला, तिलाच पाठवा. प्रश्न तिचे नव्हते हे मी साहेबांना दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, इंग्रजी तर तुझंच होतं ना? परदेशी पाठवायचं म्हणजे माणूस कंपनीच्या कायम यादीत लागतो. म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत मला कायम केलं. परभणीत पेढे वाटले गेले. मी मात्र आबांना तोंड चुकवत फिरत होते. शेवटी त्यांनीच मला गाठलं आणि खुंटीवरचं निळं जाकीट हातात दिलं. "घे. कोरं हाय. एकदा बी अंगाला लागलेलं न्हाई, फकस्त फोटोला." त्यावर किमतीची चिठ्ठी अजून होती.

जर्मनीत मी त्याच लाजाळू इंजिनिअरच्या गावाजवळ होते. एका रविवारी तो मला त्याच्या काकांच्या शेतावर घेऊन गेला. उणे बारा तापमान, चहूकडे पांढरं. मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. ते घराच्या ओट्यावर बसलेले, मागे शेळी. मी गुडघ्यांवर बसून हाताने बर्फ उकरला. खाली गहू होता, मातीला चिकटलेला, जांभळट हिरवा. आमच्या म्हातारीतल्या कुंडीत होता अगदी तसाच. मी ज्याला आजारी समजले होते ते निरोगी रोप होतं. इंजिनिअर शेजारी उभा राहून सांगत होता की या गव्हाला बर्फाची भीती नसते, भीती असते ती मधेच येणाऱ्या उबदार आठवड्याची. चार दिवस ऊब मिळाली की तो कोवळा होतो, साखर वापरून टाकतो, सगळी तयारी विसरतो, आणि मग मरतो.

मी फोन जवळ धरला. "आबा, मला एक सांगायचंय."

"आदी पान चाव."

"आबा, ती कुंडी..."

"चाव म्हंतो ना! गोड हाय का?"

मी चावलं. "गोड आहे."

"मंग झालं तर. हितं रेंज न्हाई," असं म्हणून आबांनी फोन ठेवला. रेंज उत्तम होती, मागची शेळी स्पष्ट दिसत होती.

मी मार्चमध्ये परत आले आणि मार्चअखेर आबा निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात साहेबांनी भाषणात गव्हाचा किस्सा सांगितला, सगळे पोट धरून हसले आणि आबा सगळ्यात जास्त. मला त्या दिवशीही बोलता आलं नाही. नंतर सणावाराला त्यांच्या घरी जात राहिले. प्रत्येक वेळी ते मला त्या शेताबद्दल विचारत, मी सांगत असे, आणि सांगायची ती गोष्ट पोटातच ठेवून परत येत असे.

दोन वर्षं गेली. लॅबमध्ये नवीन चेंबर यायचे होते, म्हणून म्हातारीला भंगारात काढलं. भंगारवाल्याची माणसं तिचे पत्रे सोडवत होती. त्यांच्यातल्या एकाने हाक मारली, "मॅडम, हे कागद तुमच्या कामाचे आहेत का?" म्हातारीच्या बाजूला तापमान नोंदवणारं एक जुनं यंत्र होतं. भाकरीएवढा गोल कागद आणि त्यावर फिरणारं पेन. त्याकडे आबांशिवाय कुणी बघत नसे. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक गोल कागद टाचलेला होता आणि त्याला एक टॅग.

कागदावर निळी रेघ तीन अंशांवरून निघून एकदम सव्वीसवर चढली होती, चार दिवस तिथेच राहिली होती आणि पुन्हा तीनवर उतरली होती. मी म्हातारीचं बटण बंद केलं होतं. पण ते यंत्र विजेवर चालत नव्हतं, चावीवर चालत होतं. आबांनी पाच मिनिटांत माझं सगळं वाचलं होतं, चाचणीच्या आदल्या दिवशीच. साहेबांकडून अजून सहा आठवडे मागून घ्यायचे तर कारण सांगावं लागलं असतं आणि कारण म्हणजे मी.

मग मी टॅग पाहिला. त्याच कुंडीचा. आबांचं सुवाच्य अक्षर. "पानं गेली. बुडखा जिता. अकराव्या दिवशी तीन फुटवे. निकाल: पास." खाली सही आणि तारीख. त्या तारखेला माझ्या व्हिसाचा अर्ज गेलेला नव्हता. जायला अजून दोन दिवस होते.

मी तशीच निघाले. आबा ओट्यावर बसले होते. डिसेंबरची संध्याकाळ, थंडी म्हणावी तर पंधरा-सोळा अंश. आणि उणे तीसमध्ये अर्ध्या स्वेटरवर फिरणारा हा माणूस माकडटोपी, मफलर आणि वर शाल अशा थाटात. मी बघतेय हे पाहून म्हणाले, "हसू नको. दोन वर्स झाली, घरी बसून ऊब खातोय. माझा बी गहू झालाय."

मी टॅग त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, जणू दुसऱ्याच कुणाचं अक्षर आहे. "म्हातारीनं मरता मरता चुगली केली म्हणायची."

"कुंडी मी बाहेर काढली होती, आबा. युरियाही घातला होता."

"युरिया बी?" ते खरोखरच दचकले. "हे कागदावर न्हवतं."

"तुम्ही जिंकला होता. साहेबांची सही होती. अर्ज जायला दोन दिवस बाकी होते."

"व्हय. दोन दिस व्हते," आबा म्हणाले. "आन् तुझं कॉन्ट्रॅक्ट संपाया किती व्हते?"

मी ओट्याच्या कडेला बसून मोठ्याने रडले. आतून काकू बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, आबांकडे रागाने पाहिलं आणि चहा टाकायला परत आत गेल्या. आबांनी मला रडू दिलं. मग माकडटोपी कानावरून थोडी वर सरकवली, शाल आवरून घेतली आणि माझ्याकडे वळून नीट बसले.

"बरं, आता सांग," ते म्हणाले. "बर्फ उकरलास. मंग? खाली पान कसं व्हतं?"

ही गोष्ट मी त्यांना निदान दहा वेळा सांगितली होती. मी डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.